आत्याचा कारवानी

आपल्याकडे धातू म्हणजे चकचकीतच हवा. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात कुणाच्याही मागच्या दारी डोकावून बघा. समया, निरांजनं, ताम्हण, पळी-पंचपात्र, देवघरातला नंदी, सगळे परातीत दाटीवाटीने बसलेले असतात आणि शेजारी चिंचेचा कोळ नाहीतर पितांबरीची पुडी. काळपट तांब्या दिसला की घरातल्या बाईच्या नावाने बोल लागलाच. माझी आजी म्हणायची, भांड्यात तोंड दिसलं पाहिजे.

आज लिहायचंय ते एका अशा वस्तूबद्दल, जिच्यात तोंड दिसायला लागलं तर तिचं काही उरणार नाही. सध्या सातारा-सांगली फोनवर त्याच वस्तूची चर्चा चालू आहे. फोनवर सगळे एकदम बोलतात, त्यामुळे माझं म्हणणं इथे सलग मांडते. नातेवाईक मंडळींनी कृपया शेवटपर्यंत वाचावं. :)

वस्तू म्हणजे एक कुत्रा. वीतभरापेक्षा थोडा लांब, लंबगोल बैठकीवर उभा. खोल छाती, एवढीशी कंबर, लांब निमुळतं तोंड, एक पुढचा पाय किंचित उचललेला. आता पळेल की थांबेल ते सांगता येत नाही. रंग जुन्या काळ्या गुळाच्या ढेपेसारखा. बैठकीच्या कडेला बारीक रोमन अक्षरांत सही आहे: पी. जे. मेन.

आत्याचे यजमान, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, रेल्वेत होते. मुंबईला बदली असताना 1964 साली त्यांनी हा कुत्रा चोर बाजारातून आणला. कितीला, ते त्यांनी आत्याला शेवटपर्यंत खरं सांगितलं नाही. आत्याचं, म्हणजे आमचंच, मूळ घर जतकडचं. तिकडे धनगरांच्या मेंढरांबरोबर कारवानी कुत्री असतात, अशीच लांबलचक, फासळ्या मोजाव्यात अशी. आत्याने हा कुत्रा पाहिला आणि म्हणाली, "हा तर आपला कारवानी." तेव्हापासून त्याचं नाव कारवानी. तिने तो देवघराच्या फळीवर दत्ताच्या तसबिरीपाशी ठेवला. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतातच, हा पाचवा. औदुंबरला दर्शनाला गेली तरी घरी आल्यावर "याला राखणीला ठेवून गेले होते" असं सांगायची.

आता आत्या 83 वर्षांची आहे. साताऱ्याचं घर विकायचं ठरलं आणि ती सांगलीला आमच्याकडे राहायला येणार. घर आवरताना कोण काय नेणार याच्या याद्या झाल्या. पाटा-वरवंटा कुणालाच नको होता, कारवानी मात्र एकदम सगळ्यांना दिसला. एका भावाने इंटरनेटवर ही सही शोधली आणि अशाच कुत्र्यांचे, घोड्यांचे परदेशी लिलावातले आकडे बघून त्याचे डोळे पांढरे झाले. त्याचं म्हणणं, विकू या. आत्याला दिवसभर सोबतीला बाई लागणार, गुडघ्यांचं ऑपरेशन व्हायचंय, पैसा कामी येईल. म्हणणं वावगं नाही आणि त्यात त्याचा स्वतःचा काही लाभही नाही. दुसऱ्या गटाचं म्हणणं, घराण्याची वस्तू आहे, लखलखीत करून शोकेसमध्ये ठेवू. त्या गटातल्या एका वहिनींनी तर कामाला सुरुवातच केली. बाकीच्या पितळेबरोबर कारवानीलाही परातीत बसवलं. मागचा एक पाय सोन्यासारखा पिवळा झाला, तेवढ्यात आत्या काठी टेकत मोरीपाशी आली आणि म्हणाली, "अगं राहू दे. तो काय तांब्या आहे?"

वहिनी, तुम्ही वाचताय हे मला माहीत आहे. तुम्ही प्रेमानेच घासत होता. पण तो तांब्या का नाही, हे मला त्या दिवशी आत्याला विचारूनही नीट कळलं नाही. म्हणून मग मी शोधत बसले, आणि फार मजा आली.

ही सही पिएर-झ्यूल मेन या फ्रेंच शिल्पकाराची. जन्म 1810, पॅरिस. वडील धातूच्या खरादकामातले, त्यामुळे ओतकाम पोराला घरातच शिकायला मिळालं. त्याच्या आधीचा आणि या सगळ्यांचा थोरला म्हणजे आंत्वान-लुई बारी, जन्म 1795, सोनारकाम शिकलेला. त्या काळी फ्रान्समध्ये मोठं शिल्प म्हणजे देव, राजे, वीरपुरुष. जनावर आलंच तर राजाच्या मांडीखाली. बारीने 1831 च्या सलोनमध्ये, म्हणजे पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात, नुसती जनावरंच मांडली: एक वाघ सुसरीला फाडतोय. आणि ती सुसर कुठली, तर गंगेतली! कृष्णाकाठी मगरींच्या भीतीने घाटावर जपून उतरणाऱ्या आम्हा सांगलीकरांना हे वाचून उगाचच आपुलकी वाटली.

बारी काही गंगेवर आला नव्हता. पॅरिसमध्ये झार्दँ दे प्लांत नावाची बाग आहे, तिथे प्राणिसंग्रह होता. तिथल्या पिंजऱ्यांपुढे तो तासन्‌तास चित्रं काढत बसायचा. चित्रकार दलाक्रुआ त्याचा मित्र. तिथला एक सिंह मेला तेव्हा दलाक्रुआने त्याला घाईघाईने चिठ्ठी धाडली होती, सिंह मेलाय, धावत ये. कशाला? तर आता जवळ जाऊन मापं घेता येतील, कातडीखालचे स्नायू बघता येतील म्हणून. कारवानीच्या मांडीवरून बोट फिरवलं की हे आठवतं. कातडीखाली काय आहे ते माहीत असलेल्या माणसानेच ती मांडी केली आहे.

समीक्षकांनी या मंडळींना 'आनिमालिए' म्हणजे 'जनावरवाले' असं नाव ठेवलं, तेही हेटाळणीने. पुढे तेच नाव मानाचं झालं. असो.

आता माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट. हे काम राजेरजवाड्यांपुरतं राहिलं नाही. त्या काळात फ्रान्समध्ये मध्यमवर्ग वाढत होता. घराला दिवाणखाना, दिवाणखान्यात शेकोटी, शेकोटीवर फळी, आणि फळीवर ठेवायला काहीतरी हवं. संगमरवरी पुतळा परवडणार नाही, पण वीतभर ब्राँझ परवडतं. मेनने हे ओळखलं. त्याने स्वतःची ओतशाळा चालवली, आपल्या कामांचा कॅटलॉग छापला आणि कुत्री, घोडे, बैल विकले. एकाच कुत्र्याचे अनेक नग. तो 1879 साली गेला. पुढे त्याचा जावई ऑग्युस्त केन याने ओतकाम चालू ठेवलं, आणि तो 1894 साली गेल्यावर स्यूस नावाच्या पेढीने. इतरांनी केलेल्या नकला वेगळ्याच. म्हणजे सही सगळ्यांवर तीच, पण ओतलेलं कुणी आणि कधी, हे सही सांगत नाही.

बारीचीही तीच कथा. त्याने स्वतः धंदा केला आणि 1848 मध्ये तो दिवाळखोर झाला. 1875 साली तो गेल्यावर त्याची बरीच मॉडेलं बार्बेदिएन या मोठ्या ओतशाळेने घेतली आणि पुढे वर्षानुवर्षं ओतली. त्याच्याबद्दल एक गोष्ट सांगतात. आजारपणात बायको त्याला म्हणाली, बरे झालात की सही जरा ठळक करत जा. त्यावर तो म्हणाला, काळजी करू नकोस, वीस वर्षांनी लोक ती भिंग घेऊन शोधतील. आमचा भाऊ तेच करत होता, फक्त मोबाइलचा कॅमेरा मोठा करून.

पण खरी परीक्षा केली ती पलूसच्या दादाने. दादाचा उभा जन्म फौंड्रीत गेला. त्या भागात हे काही विशेष नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली कुंडलच्या माळावर कारखाना उभा केला, लोखंडी नांगर ओतले, आणि तेव्हापासून आसपासच्या कितीतरी घरांत वाळूचे साचे हा रोजच्या जेवणातला विषय आहे. दादाने कारवानीला उलटा केला, बैठकीच्या आत बॅटरी मारली आणि म्हणाला, "हे तर आपलंच काम की गं."

फ्रेंचांनी ही शिल्पं बहुतेक वाळूच्या साच्यातच ओतली. मेणाचा साचा वितळवून ओतायची रीत त्यांना माहीत होती, पण खूप नग काढायचे तर वाळू बरी. आधी एक उत्तम नमुना, त्याला फौंड्रीत पॅटर्न म्हणतात. तो पेटीत बारीक वाळूत दाबायचा, काढायचा, उरलेल्या पोकळीत धातू ओतायचा. पाय, शेपूट असे भाग कधी वेगळे ओतून मागाहून जोडायचे. मग छिन्नीवाला कारागीर बसतो आणि केस, नखं, डोळ्याच्या कडा परत कोरून काढतो. दादाने शेपटीच्या मुळाशी नख लावून सांधा दाखवला. मला साठ वर्षांत... माझी नव्हे, कारवानीची साठ वर्षं... तो कुणाला दिसलेला आठवत नाही.

दादाने आणखी एक गंमत सांगितली. वितळलेला धातू थंड होताना आकसतो. म्हणून पॅटर्न करणारा तो मापापेक्षा थोडा मोठा करतो. आता कुणी मूळ पॅटर्न नसताना तयार कुत्र्यावरूनच साचा घेतला, तर ओतलेला नवा कुत्रा जुन्यापेक्षा जरासा लहान होणार आणि बारकावेही जरा पुसट येणार. नक्कल ओळखायची ती अशी. स्वस्तातल्या नकला जस्ताच्या मिश्रणात ओतून वरून रंगवलेल्या असतात. त्या हातात हलक्या लागतात आणि आतून करड्या दिसतात. कारवानी आतून पिवळसर तांबूस आहे. ब्राँझ आहे, यात वाद नाही. पण पंजे जरा पुसट आहेत, हे दादाच्या नजरेने टिपलं.

पुढे मुंबईतल्या एका जाणकारांना फोटो पाठवले. त्यांचं मत असं: ओतकाम मागाहूनचं असावं, चांगलं आहे, पण लिलावातल्या आकड्यांच्या जवळपास जाणारं नाही. आणि तो पिवळा पाय पाहून त्यांनी विचारलं, हे कुणी केलं? मी म्हटलं, दिवाळीने केलं.

तर काळेपणाचं गुपित हे. तो मळ नाही, धूळ नाही, दुर्लक्षही नाही. ओतून, कोरून झाल्यावर ब्राँझ तापवतात आणि त्यावर वेगवेगळ्या क्षारांची द्रावणं ब्रशने चढवतात. धातूच्या अंगाशी त्यांची क्रिया होऊन रंग धरतो: तपकिरी, हिरवट, जवळजवळ काळा. वरून मेणाचा हात. याला पॅटिना म्हणतात. चकचकीत धातूवर उजेड असा उसळतो की आकार दिसतच नाही, नुसती चमक दिसते. गडद रंगावर उजेड हळू सरकतो, म्हणून फासळी दिसते, पोटाचा खळगा दिसतो. वहिनींनी घासलेला पाय आणि शेजारचा न घासलेला पाय एकत्र बघितले की हे लगेच पटतं. एक पाय पिवळा आहे, दुसऱ्या पायात जीव आहे. आणि चिंचेबरोबर मीठ लावलं तर आणखी वाईट, कारण मिठातलं क्लोराइड खाचांत राहून पुढे धातूच खाऊ शकतं.

म्हणून काय आपली घासायची रीत चुकीची? अजिबात नाही. तांब्या वापरायचा असतो, तो घासलाच पाहिजे. काशाची वाटी तळपायाला घासायची असते, ती गुळगुळीतच हवी. आमच्या सांगलीच्या देवघरातला पितळी नंदी बघा. चार पिढ्यांनी रोज धुऊन पुसून त्याचे डोळे, घंटांची माळ, वशिंडावरची झूल, सगळं झिजून नुसता बैलाचा भास उरला आहे. फ्रेंच माणूस म्हणेल, अरेरे, शिल्प गेलं. आम्ही म्हणतो, चार पिढ्यांचे हात त्याच्यावर आहेत. तो नंदी कुणी ओतला कुणालाच ठाऊक नाही आणि कधी कुणी विचारलंही नाही. तो पाहण्यासाठी नव्हताच, हात लावण्यासाठी होता.

आणि जनावरावर जीव लावणं आपल्याला फ्रेंचांकडून शिकायला नको. साताऱ्याजवळ संगम माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. खंड्याने शिकारीत महाराजांना वाघापासून वाचवलं असं सांगतात. तिथला कुत्रा दगडाचा. त्याच्या फासळ्या कुणी मोजल्या नसतील, पण त्याला नाव आहे. मेनचे बहुतेक कुत्रे जातीने ओळखले जातात, आपला खंड्या नावाने. आमच्या कारवानीला आत्यामुळे दोन्ही मिळालं.

परक्या मुलखातलं ब्राँझ आपल्या घरी कशाला, असाही एक सूर फोनवर आला. त्याला उत्तर जवळच आहे. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकडीवर 1940 च्या दशकात प्राचीन ब्राँझ वस्तूंचा साठा सापडला. त्यात स्वार बसलेला एक हत्ती आहे आणि चक्क रोमन धाटणीचा समुद्रदेव पोसायडनही. दोघेही आता कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात असतात. दोन हजार वर्षांपूर्वी समुद्रापलीकडचा तो देव घाट चढून पंचगंगेकाठी आला, तो कुणातरी अण्णांसारख्या शौकिनामुळेच ना? त्यानेही घरी किंमत खरी सांगितली नसणार.

औंधचं उदाहरण तर घरचंच. भवानराव पंतप्रतिनिधींनी 1938 साली यमाईच्या डोंगरावर संग्रहालय उभारलं. त्यात रविवर्मा आहे, धुरंधर आहेत, पाश्चात्त्य शिल्पांच्या प्रतिकृती आहेत आणि हेन्री मूरचं दगडातलं आई-मूलही आहे. किर्लोस्करांना माळ देणारं संस्थानही हेच. नांगर ओतायला जागा द्यायची आणि खेड्यातल्या माणसाला मूर बघायला मिळेल अशीही सोय करायची, या दोन गोष्टी त्या राजाला वेगवेगळ्या वाटल्या नाहीत. प्रतिकृतीला कमी लेखायची सवय मला होती की नाही आठवत नाही, पण औंधला गेलं की ती टिकत नाही. पॅरिसला कोण जाणार होतं तेव्हा? मग आमचा कारवानी मागाहून ओतलेला असला तर बिघडलं कुठे? तो मुळातच मध्यमवर्गीय घरातल्या फळीसाठी केलेला होता आणि मध्यमवर्गीय घरातल्या फळीवरच साठ वर्षं उभा राहिला. त्याच्या बाबतीत सगळं ठरल्याप्रमाणेच झालं.

एक गोष्ट मात्र जाणकारांना फोटोत दिसली आणि आम्हाला कधी दिसली नव्हती. कारवानीच्या डोक्यावर, दोन कानांच्या मधे, रंग थोडा उजळ आहे. घासल्यासारखा पिवळा नाही, मऊ, मधासारखा. त्यांनी लिहिलं, इथे झीज आहे, त्याने किंमत आणखी कमी होते. मी आत्याला विचारलं. ती म्हणाली, "रोज दिवा लावला की पदराने पुसते त्याला. बाकी अंगाला कशाला हात लावायचा? डोक्यावरून फिरवते एवढंच."

मग मी ठरवून विचारलं, "आत्या, विकायचा का गं?"

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "माझ्या गुडघ्यांसाठी त्याला नका विकू. मी आहे तोवर राहू दे. मग ज्याला त्याला न घासता ठेवता येईल, त्याला द्या."

भावाला हे फोनवर सांगितलं. त्याने हिशेब मांडलाच: जाणकारांनी सांगितलेल्या रकमेत सोबतीच्या बाईंचे थोडेच महिने निघतील. तेवढे आपण सगळे मिळून काढू, असं तोच म्हणाला. म्हणून मी त्याच्यावर इथे जास्त विनोद केलेले नाहीत. त्याची शेवटची शंका पुराची होती. सांगलीत 2019 च्या ऑगस्टमध्ये आमच्या तळमजल्यावर पाणी आलं, फोटोंचे अल्बम गेले, पुस्तकं गेली. त्यावर उत्तर असं, की तेव्हाही नंदीला चिखलातून काढून धुतला आणि तो होता तसा बसला. तरीही कारवानी वरच्या मजल्यावर आत्याच्या खोलीतच राहील.

तर मंडळी, ठरलेलं असं. कारवानीला कोरड्या मऊ फडक्याने फक्त धूळ पुसायची. चिंच, लिंबू, मीठ, राख, पावडर काही नाही. पिवळा पाय तसाच ठेवायचा, वरून रंग लावायचा नाही. तो हवेने हळूहळू आपोआप मंदावेल, शेजारच्या पायासारखा होणार नाही, पण चालेल. वहिनींनी मनाला लावून घ्यायचं नाही. नंदी मात्र येत्या दिवाळीला त्यांनीच घासायचा आहे.

आत्या पुढच्या मंगळवारी येतेय. भेटायला जरूर या. साताऱ्याहून येणाऱ्यांनी कंदी पेढे आणावेत, सांगलीत तिला ते मनासारखे मिळत नाहीत. आणि तिच्या खोलीत गेलात तर कारवानीच्या डोक्यावरून हात फिरवायला हरकत नाही.